वेग, नेम आणि चकमक : शूटर गेममागचे गणित

प्रतिनिधी, नाशिक

२०१० साली चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटरची शर्यत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक पटकावले. भागाकार करून पाहिला, तर त्यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५.२३ मीटर भरतो. 'व्हॅलोरंट' या संगणकावरील गेममधील पात्र हातात रायफल घेऊन सेकंदाला ५.४ मीटर धावते. त्याला दम लागत नाही, घाम येत नाही आणि वळणावर त्याचा पायही मुरगळत नाही. आशियाई पदकविजेतीपेक्षा वेगवान अशी दहा पात्रे एका बंदिस्त नकाशात एकमेकांवर गोळ्या झाडत असतात. त्या गोळ्या लागणार की हुकणार, हे पुष्कळ अंशी त्यांच्या धावण्याच्या वेगावर ठरते.

या गेमवरून अनेक घरांत वाद झडतात. मुलगा म्हणतो, 'फोन जुना आहे, नेट हळू आहे, म्हणून मी हरतो.' वडील म्हणतात, 'नाचता येईना अंगण वाकडे.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कोणाच्या म्हणण्यात किती, हे कळण्यासाठी या गेमच्या आतले गणित समजून घ्यावे लागते. नवा फोन, जादा वेगाचे इंटरनेट किंवा महागडा मॉनिटर यांवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी हे गणित माहीत असलेले बरे.

वेग मोजायचा कसा?

गेममधील अंतर मोजण्याची एकके वेगवेगळी असतात. 'व्हॅलोरंट', 'पबजी' यांसारख्या नव्या गेममध्ये मीटर हेच एकक वापरले जाते. 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'टीम फोर्ट्रेस २' या गेमचे मोजमाप 'युनिट' या एककात चालते. 'काउंटर-स्ट्राइक'मधील पात्राची उंची ७२ युनिट आहे. हे पात्र सहा फुटी मानले, तर एक युनिट म्हणजे एक इंच होतो. चाकू हाती घेऊन हे पात्र सेकंदाला २५० युनिट, म्हणजे सुमारे ६.३५ मीटर धावते. 'पबजी'मध्ये मोकळ्या हाताने धावणाऱ्या पात्राचा वेग ६.३ मीटरच्या घरात आहे.

निरनिराळ्या गेमची तुलना करायची, तर 'सेकंदाला स्वतःच्या उंचीच्या किती पट' हे माप सोयीचे पडते. 'काउंटर-स्ट्राइक'चे पात्र सेकंदाला आपल्या उंचीच्या सुमारे साडेतीन पट अंतर कापते. 'क्वेक' या जुन्या गेमचे पात्र ५६ युनिट उंच असून त्याचा साधा वेग ३२० युनिट आहे. म्हणजे ते उंचीच्या ५.७ पट धावते. दोन्ही गेम बंदुकीचेच. परंतु त्यांतील चकमकीची जात पूर्णपणे वेगळी आहे. हा फरक पडतो तो याच आकड्यामुळे.

'डूम'पासून 'काउंटर-स्ट्राइक'पर्यंत

डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये खेळाडू अक्षरशः घसरत असल्यासारखा पळे. जून १९९६ मधील 'क्वेक' आणि १९९९ मधील 'क्वेक ३ अरीना' यांनी हा वेग कळसाला नेला. या गेमच्या गणितातील एका फटीमुळे तिरक्या उड्या मारत गेल्यास ३२० ची मर्यादा ओलांडता येई. कुशल खेळाडूंनी त्याचेच शास्त्र बनवले. ससा उड्या मारतो तसे हे धावणे म्हणून त्याला 'बनी हॉपिंग' असे नाव पडले.

'क्वेक ३'मधील रॉकेटचा वेग सेकंदाला ९०० युनिट आहे. ९०० युनिट दूर उभ्या असलेल्या शत्रूवर ते सोडले, तर पोहोचायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात शत्रू ३२० युनिट बाजूला निघून गेलेला असतो. म्हणून रॉकेट शत्रूवर सोडून चालत नाही. शत्रू जिथे पोहोचणार आहे, तिथल्या जमिनीवर सोडावे लागते. शिवाय चिलखत धरून खेळाडूची ताकद बरीच असल्याने एका फटक्यात काम भागत नाही. साहजिकच तिथली चकमक लांबते आणि तिच्यात पाठलाग, हुलकावणी आणि अंदाज यांना महत्त्व येते.

१९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेममध्ये फेरफार करून 'काउंटर-स्ट्राइक' तयार केला. पुढे 'व्हॉल्व्ह' कंपनीने तो हाती घेतला आणि २००० साली बाजारात आणला. भारतातील शहरांत सायबर कॅफेंचे पेव फुटले, त्या काळात महाविद्यालयीन मुलांच्या एका पिढीने याच गेमवर नेम धरायला शिकले. या गेमने 'क्वेक'चे तत्त्व उलटे केले. पात्राचा वेग कमी केला, गोळी अधिक घातक केली आणि धावताना झाडलेली गोळी भरकटेल अशी व्यवस्था केली. जो थांबेल त्याचा नेम लागेल. पण जो थांबेल तोच लक्ष्यही होईल. या पेचाभोवती हा गेम उभा आहे.

धावायचे की झाडायचे?

२०१२ साली आलेल्या 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'चे आकडे जाणकारांना तोंडपाठ असतात. एके-४७ रायफल हाती असताना पात्राचा कमाल वेग सेकंदाला २१५ युनिट असतो. शिफ्टचे बटण दाबून चालल्यास तो कमालीच्या ५२ टक्के होतो, तर खाली वाकून सरकल्यास ३४ टक्के. नेमाच्या दृष्टीने हा ३४ टक्क्यांचा आकडा म्हणजे उंबरठा आहे. एके-४७ साठी तो ७३ युनिटच्या आसपास येतो. वेग त्याखाली असेल, तर गोळी जवळजवळ उभ्या माणसाइतकी अचूक जाते. वेग जसजसा त्यावर जाईल, तसतशी ती इतस्ततः विखुरते.

येथेच 'काउंटर-स्ट्रेफिंग' या कसबाचा उगम आहे. उजवीकडे धावणाऱ्या पात्राला थांबवण्यासाठी नुसते बटण सोडले, तर ते थोडे घसरत जाते. मात्र त्याच क्षणी डावीकडचे बटण टिचकीसारखे दाबले, तर विरुद्ध दिशेचा जोर लागून ते झटकन थांबते. गेमच्या घर्षणाचे व प्रवेगाचे आकडे मांडून हिशेब केला, तर नुसते बटण सोडल्यास उंबरठ्याखाली यायला सुमारे ०.२ सेकंद लागतात; उलट बटणाने हा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. नवख्याला वाटते, समोरचा धावता धावता गोळी मारतो आहे. प्रत्यक्षात तो थांबून मारत असतो. फक्त त्याचे थांबणे डोळ्यांना दिसत नाही.

हे कौशल्य हातांचे आहे की यंत्राचे, असाही वाद पुढे उभा राहिला. एक बटण दाबलेले असतानाच विरुद्ध बटण दाबले, तर पहिले आपोआप रद्द व्हावे, अशी सोय काही कीबोर्डमध्ये आली. 'रेझर' कंपनीची 'स्नॅप टॅप' ही त्यांपैकीच एक. महिनोन्महिने सराव करून साधलेली गोष्ट विकत मिळू लागल्याची तक्रार झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'व्हॉल्व्ह'ने 'काउंटर-स्ट्राइक २'च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित साहाय्याला मनाई केली. 'व्हॅलोरंट'च्या निर्मात्यांनीही २०२१ मध्ये धावताना झाडलेल्या रायफलच्या गोळ्यांचा विखुरण्याचा दोष वाढवला. थांबून मारणाऱ्याला न्याय मिळावा, हाच त्यामागील हेतू.

हलते लक्ष्य

आता बंदुकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. समोरचे पात्र ५.४ मीटर वेगाने आडवे धावत आहे. ते दहा मीटरवर असेल, तर त्याच्यावर नेम कायम ठेवण्यासाठी बंदुकीची नळी सेकंदाला सुमारे ३१ अंश फिरवावी लागते. तेच पात्र ५० मीटरवर असेल, तर सहा अंश पुरतात; तीन मीटरवर असेल, तर शंभराहून अधिक अंश लागतात. म्हणजे जवळच्या चकमकीत वेगाने धावणाऱ्याला मोठा फायदा मिळतो आणि अंतर वाढेल तसा तो ओसरतो. दूरच्या चकमकीत अडचण असते ती लक्ष्याच्या लहान आकाराची. आखूड पल्ल्याची शॉटगन घेतलेला खेळाडू धावत अंगावर येतो आणि स्नायपरवाला अंतर राखून बसतो, ते यामुळेच.

नेम स्थिर ठेवून शत्रू समोरून जाण्याची वाट पाहिली, तर? डोक्याची रुंदी २० सेंटिमीटर धरली, तर ५.४ मीटर वेगाने धावणाऱ्याचे डोके नेमाच्या बिंदूवरून ०.०३७ सेकंदात पार होते. अंतर कितीही असो, हा वेळ बदलत नाही. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट दाबायला सर्वसाधारणपणे ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे डोके दिसल्यावर चाप ओढला, तर उशीर झालेलाच असतो. शत्रू केव्हा येईल याचा अंदाज बांधून चाप ओढावा लागतो.

गोळीलाही पोहोचायला वेळ लागतो, हे काही गेममध्ये गृहीत धरलेले असते. 'काउंटर-स्ट्राइक' व 'व्हॅलोरंट'मध्ये चाप ओढताच गोळी लागली की नाही याचा निवाडा होतो. 'पबजी'त मात्र गोळी खरोखर प्रवास करते. तिथल्या एकेएम रायफलच्या गोळीचा आरंभीचा वेग सेकंदाला ७१५ मीटर आहे. ३०० मीटरवरचा शत्रू ६.३ मीटर वेगाने आडवा पळत असेल, तर हवेचा रोध सोडून दिला तरी गोळीला ०.४२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो २.६ मीटर पुढे गेलेला असतो. नेम शत्रूच्या पुढे तेवढ्या अंतरावर धरायला हवा. देवळालीच्या तोफखाना प्रशालेमुळे नाशिककरांना तोफांचा आवाज नवा नाही. हलत्या लक्ष्यावर मारा करताना ते पुढे कोठे असेल याचा हिशेब करणे, हे तोफखान्याचे जुने सूत्र. तेच येथे मोबाइलच्या पडद्यावर अवतरले आहे.

वेग आणि मृत्यूची घटका

वेगाचा अर्थ एकट्याने लागत नाही. पहिली गोळी लागल्यापासून पात्र मरेपर्यंत किती वेळ जातो, हा आकडा त्याच्या शेजारी मांडावा लागतो. 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मधील एके-४७ मिनिटाला ६०० गोळ्या झाडते. चिलखत घातलेल्या शत्रूच्या छातीत चार गोळ्या लागाव्या लागतात. म्हणजे पहिलीपासून चौथीपर्यंत ०.३ सेकंद जातात. तेवढ्या वेळात २१५ युनिट वेगाचे पात्र साधारण सव्वापाच फूट सरकते. दाराच्या आडोशाला जायला एवढे अंतर पुरेसे ठरते. डोक्यात मारलेली एकच गोळी मात्र शिरस्त्राण असले तरी जीव घेते आणि पळण्याला वाव उरत नाही. पात्राचा वेग दीडपट केला, तर याच ०.३ सेकंदात ते सुमारे आठ फूट जाईल आणि निम्म्या चकमकी अर्धवट सुटतील. म्हणूनच वेग वाढवला की निर्मात्यांना बंदुकांचे आकडेही नव्याने मांडावे लागतात.

कोणाला किती वेग द्यायचा, हे समतोलाचे साधनही असते. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेला 'टीम फोर्ट्रेस २' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यातील स्काउट सेकंदाला ४०० युनिट धावतो. पण त्याची ताकद अवघी १२५. हेवी नावाचा धिप्पाड गडी २३० युनिट चालतो, बंदूक फिरवू लागला की ११० वर येतो. मात्र त्याची ताकद ३०० आहे. एक वाचतो तो चपळाईवर, दुसरा अंगबळावर. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये हाच न्याय बंदुकांना लावला आहे. एका गोळीत धडावरही ठार करणारी एडब्ल्यूपी स्नायपर हाती घेतली की वेग २०० होतो आणि दुर्बिणीतून पाहताना १०० वर घसरतो. तिच्याहून दुबळी एसएसजी-०८ मात्र २३० चा वेग देते. जबर मारा हवा असेल, तर पायांत बेड्या घालून घ्याव्या लागतात.

वेगाची आणखी एक किंमत आहे, ती आवाजाची. धावणाऱ्याच्या पावलांचा आवाज शत्रूच्या हेडफोनमध्ये ऐकू जातो. हळू चालणाऱ्याचा जात नाही. आपण कोठे आहोत ही माहिती शत्रूला फुकट द्यायची की उशीर पत्करायचा, हा निर्णय प्रत्येक फेरीत घ्यावा लागतो.

कोपऱ्यामागचा अन्याय

'मी तर भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो,' ही या खेळाडूंची सर्वांत जुनी तक्रार. तिच्या मुळाशीही वेगच आहे. एक खेळाडू कोपऱ्यावर नेम धरून स्थिर बसला आहे आणि दुसरा कोपऱ्यातून धावत बाहेर येतो, असे समजा. धावणाऱ्याला बसलेला शत्रू आपल्या पडद्यावर लगेच दिसतो. बसलेल्याच्या पडद्यावर धावणारा दिसण्यापूर्वी ती माहिती आधी सर्व्हरवर आणि तिथून त्याच्या यंत्रावर यावी लागते. हा उशीर एकूण ०.१ सेकंद असेल, तर ५.४ मीटर वेगाचा हल्लेखोर तेवढ्यात ५४ सेंटिमीटर बाहेर आलेला असतो. म्हणजे त्याचे पूर्ण धड उघड्यावर असते आणि बसलेल्याला मात्र ते दिसतच नाही. उशीर ०.०४ सेकंद असेल, तर हेच अंतर २२ सेंटिमीटरवर येते. याला 'पीकर्स अॅडव्हांटेज', म्हणजे डोकावणाऱ्याचा फायदा म्हणतात. वेग आणि उशीर यांचा तो सरळ गुणाकार आहे. पात्रे जितकी वेगवान, तितका तो अधिक.

यात केवळ भूमितीचाही एक भाग आहे. कोपऱ्याला चिकटून उभा असलेला खेळाडू दूर उभ्या शत्रूला आधी दिसतो. तेव्हा पहारा द्यायचा, तर कोपऱ्यापासून अंतर राखून द्यावा, हा नियम नेट कितीही वेगवान असले तरी लागू पडतो.

नाशिकच्या खेळाडूचे यात किती नुकसान होते? 'व्हॅलोरंट'सारख्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. नाशिक-मुंबई अंतर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. या हिशेबाने जाण्यायेण्याला जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे पावणेदोन पट लागतात. केबलचा मार्ग वळणावळणाचा असतो, मधल्या यंत्रांनाही वेळ लागतो. तरीही मुंबईपासूनचे अंतर हे हरण्याचे कारण ठरत नाही. भारतात सर्व्हर नसलेला गेम सिंगापूरमार्फत खेळावा लागतो तेव्हा मात्र सुमारे ३,९०० किलोमीटरच्या सरळ अंतरालाच जाण्यायेण्याचे ३९ मिलिसेकंद लागतात आणि ते कोणत्याही पैशाने कमी होत नाहीत.

म्हणजे नाशिकमध्ये बसून पिंग शंभरावर जात असेल, तर दोष बहुधा घरातच सापडतो. दोन भिंतींपलीकडचा वाय-फाय, त्याच वेळी घरात सुरू असलेले चित्रपटांचे डाउनलोड किंवा गर्दीच्या वेळचा मोबाइल डेटा ही नेहमीची कारणे. इंटरनेटचा 'स्पीड' आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे. एका सेकंदात किती माहिती येते, हा स्पीड. एक निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो, तो पिंग. गेमला माहिती थोडी लागते. पण ती वेळेवर लागते. जादा एमबीपीएसचा महाग प्लॅन घेण्याऐवजी राउटरपासून थेट वायर जोडल्याने अनेकदा अधिक फरक पडतो.

मोठा नकाशा, लहान पडदा

'पबजी'सारख्या बॅटल रॉयल गेममध्ये वेगाचा आणखी एक अर्थ आहे. एरंगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब व तितकाच रुंद आहे. ६.३ मीटर वेगाने न थांबता धावले, तरी तो ओलांडायला सुमारे २१ मिनिटे लागतात. दरम्यान सुरक्षित वर्तुळ आक्रसत असते. त्यामुळे चकमक कोठे होणार, हे पुष्कळदा पायांचा वेगच ठरवतो. उशिरा निघालेल्याला उघड्या माळावरून पळावे लागते आणि आधी पोहोचलेला दगडाआडून त्याला टिपतो. एनर्जी ड्रिंकमुळे वेग थोडाच वाढतो. पण तेवढ्यानेही वर्तुळाच्या कडेवर जीव वाचतो.

भारतात हे गेम घराघरांत पोहोचले ते मोबाइलवरून. 'पबजी मोबाइल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली. त्याची भारतीय आवृत्ती 'बीजीएमआय' २ जुलै २०२१ रोजी आली, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुण्याच्या 'सुपरगेमिंग' या कंपनीने 'मास्कगन' हा मोबाइलवरील शूटर बनवला आणि पुढे १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' हा बॅटल रॉयल गेम आणला. पात्राचा वेग किती ठेवायचा, हा प्रश्न आता पुण्यातल्या टेबलांवरही सोडवला जातो.

मोबाइलवर हा प्रश्न अधिक कठीण आहे. डावा अंगठा पात्राला पळवतो, उजवा नेम धरतो आणि त्यातूनच चापही ओढायचा असतो. माउसने मनगटाच्या एका झटक्यात शंभर अंश फिरता येते. अंगठ्याला पडद्यावरची जागाच पुरत नाही. त्यामुळे काही गेम नेमाला किंचित साहाय्य करतात. 'कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल'च्या सोप्या पर्यायात शत्रू नेमाखाली येताच गोळी आपोआप सुटते. सराईत खेळाडू चार बोटांनी खेळतात किंवा फोनच तिरका करून जायरोस्कोपने नेम सावरतात. फोनचा भाव वाढला म्हणून ही सवय आपोआप लागत नाही.

वेगाचा वाद

वेग किती असावा, यावर निर्मात्यांचेही एकमत नाही. २०१४ मधील 'टायटनफॉल'ने भिंतीवरून धावण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या 'कॉल ऑफ ड्यूटी : अॅडव्हान्स्ड वॉरफेअर'ने पात्रांना यांत्रिक सांगाडा चढवून हवेत उडवले. या उड्यांचा कंटाळा आल्याची ओरड झाली आणि २०१७ मध्ये ती मालिका दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने पुन्हा जमिनीवर आली. ऑक्टोबर २०२४ मधील 'ब्लॅक ऑप्स ६'ने कोणत्याही दिशेने धावण्याची, घसरण्याची आणि झेप घेण्याची सोय करून चक्र परत फिरवले. 'बॅटलफील्ड ६'च्या निर्मात्यांनी मात्र ऑगस्ट २०२५ मधील खुल्या चाचणीनंतर घसरून उडी मारताना मिळणारा वेग कमी केला.

हा वाद रुचीचा वाटतो, पण तो प्रत्यक्षात संधीचा आहे. वेग जास्त असेल, तर मुरलेला खेळाडू नवख्याला हुलकावण्या देऊन सहज मारतो आणि नवखा गेम सोडून जातो. वेग फार कमी असेल, तर लपून बसणाऱ्याचे फावते आणि धाडसाला किंमत उरत नाही. या दोन टोकांमध्ये कोठे थांबायचे, यावरच गेमचे आयुष्य ठरते. वेग चोरण्याचेही प्रकार होतात. पात्राचा वेग बेकायदा वाढवणाऱ्या 'स्पीड हॅक'ना रोखण्यासाठी सर्व्हर प्रत्येक पात्राची जागा स्वतः मोजतो आणि अशक्य अंतर कापणाऱ्याला पकडतो.

नेहमीचे शब्द

पिंग : खेळाडूच्या यंत्रातून सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत येण्यास लागणारा वेळ.

टिक रेट : सर्व्हर एका सेकंदात किती वेळा हिशेब करतो तो आकडा. 'व्हॅलोरंट'चा १२८ आहे. म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एक हिशेब.

स्ट्रेफिंग : तोंड शत्रूकडे ठेवून आडवे सरकणे. दिशा अनियमित बदलली तरच त्याचा उपयोग. ठरावीक लयीत सरकणारा सहज टिपला जातो.

पीक : कोपऱ्यातून डोकावणे. खांदा किंचित दाखवून शत्रूला गोळी वाया घालवायला लावणे, हाही त्याचाच एक प्रकार.

रिफ्रेश रेट : पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा. ६० असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ असेल तर दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र मिळते.

मग हरतो तो कशाने?

आता सुरुवातीच्या घरगुती वादाकडे वळू. १४४ चा मॉनिटर साध्या मॉनिटरपेक्षा फार तर दहा मिलिसेकंद वाचवतो. वायर जोडून पिंग शंभरावरून चाळीसवर आणला, तर साठ मिलिसेकंद वाचतात. काउंटर-स्ट्रेफिंग साधले, तर शंभराहून अधिक. शत्रू कोठून येईल याचा अंदाज बांधून नेम आधीच तिथे धरला, तर शोधून नेम धरण्याचा सगळाच वेळ वाचतो. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. मुलाची नेटबद्दलची तक्रार खोटी नाही. पण तिच्यात पराभवाचे संपूर्ण कारण सामावत नाही. वडिलांनी अंगणाचा वाकडेपणा एकदा राउटरजवळ जाऊन तपासावा आणि मुलाने थांबून गोळी मारायला शिकावे, हा दोघांनाही परवडणारा तह आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील खेळ म्हणून मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणताना ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येकाच्या हाती पदक येते, असे नाही. सावरपाड्याहून ग्वांगझूपर्यंत जाणाऱ्या पायांमागे वर्षानुवर्षांचा सराव होता. पडद्यावरच्या पात्राला पहिल्याच दिवशी सेकंदाला ५.४ मीटरचा वेग आयता मिळतो. तो सर्वांना सारखाच मिळतो, म्हणून तर कोण केव्हा थांबतो यावर निकाल लागतो.